एक वीत

१

कॉफीच्या किटलीचं झाकण थडथडायला लागलं आणि स्वयंपाकघरातल्या तिघी एकदम दचकल्या. तोवर कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. नोव्हेंबरात बेनेदिताची धाकटी बहीण लुझिया गेली, तेव्हापासून या घराला बोलायची सवयच राहिली नव्हती.

बेनेदिताने उठून गॅस बंद केला. उत्सवासाठी ती लेकीला घेऊन कालच लिस्बनहून आली होती. चार वर्षांनी एकदा येणारा तोमारचा उत्सव कुणी चुकवत नाही, सुतकाच्या वर्षीही नाही. "या, नक्की या," असं आई फोनवर म्हणाली होती, आणि तेही बऱ्यापैकी मोकळ्या आवाजात.

"आजी, इकडे बघ ना! माझी वेणी बघ!" पाच वर्षांची ईरिया मागून ओरडली.

आल्झिरा वळली. पण नुसती मान वळवली नाही तिने. खांद्यापासून अख्खी, खुर्चीसकट वळली.

"छान आहे गं," ती म्हणाली.

"आई, मान धरली का?"

"उशी उंच झाली असेल."

तेवढ्यात दार वाजलं. दारात आन्सेल्मो काका उभे. जुन्या भट्टीच्या गल्लीच्या उत्सव समितीचे प्रमुख. एरवी इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय उंबऱ्याबाहेर न पडणारा माणूस आज सपाता घालून धावत आला होता.

"बेनेदिता, तू लिस्बनला पोलिसात चोऱ्याच शोधतेस ना? मग चल. वर्दीबिर्दी राहू दे. फिलिपाचा मनोरा गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे नाहीये! उद्या मिरवणूक, आणि माझ्या पोरीचा मनोरा नाहीये!"

बेनेदिताने शाल ओढली. जाता जाता तिने आईकडे पाहिलं. आल्झिरा ईरियाच्या पावाला लोणी लावत होती. लावून झालेल्याच जागेवर ती पुन्हा पुन्हा सुरी फिरवत होती.

२

गल्लीवर कागदी फुलांचं छत बांधून झालं होतं. खिडक्याखिडक्यांतून ठेवणीतल्या चादरी खाली सोडलेल्या. सकाळीच पाहुण्यांचे थवे हिंडायला लागले होते. वरच्या किल्ल्याकडे कसं जायचं, असं एका परदेशी जोडप्याने आन्सेल्मोला विचारलं, तर त्याने नदीच्या दिशेला हात केला आणि पुढे निघाला.

गल्लीचे सगळे मनोरे शाळेच्या दालनात भिंतीशी ओळीने उभे होते. खाली वेताची टोपली, तिच्यात उभ्या रोवलेल्या पाच काड्या, काड्यांना ओवलेले पाव, पावांच्या मधून कागदी फुलं आणि गव्हाच्या ओंब्या, सगळ्यात वर पितळी मुकुट. उद्या मुली हे डोक्यावर घेऊन गावभर चालणार आणि सोमवारी तेच पाव गरिबांना वाटले जाणार. पण त्याआधी एक अट असते. ती तोमारमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही, जन्मतःच ठाऊक असते. मनोरा मुलीच्याच उंचीचा हवा. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

ओळीत एक जागा रिकामी होती.

"किल्ली कुणाकडे होती?"

"शेजारच्या बेकरीच्या दारामागे टांगलेली असते. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. चोरायचं काय आहे इथे?" आन्सेल्मो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळला.

बेनेदिता रिकाम्या जागेपाशी उकिडवी बसली. फरशीवर एक धुतलेला पांढरा कपडा अंथरला होता आणि त्यावर पाव रचून ठेवले होते. एकही चेपलेला नव्हता, एकाचाही कपचा उडालेला नव्हता. शेजारी वीतभर लांबीचे काडीचे पाच तुकडे, टोकाशी टोक लावून ठेवलेले. त्यांच्यावर निळ्या कागदी फुलांची एक माळ, गुंडाळून.

"चोराने पाव ठेवून दिले?"

"माज! दुसरं काय!" आन्सेल्मो कडाडला. "मला ठाऊक आहे कोण ते. काल सगळे गेल्यावर दुआर्त एकटाच इथे बसला होता. मी दिवा घालवायला आलो तर म्हणतो कसा, काका, जरा बसू द्या. बसू द्या! आता मला कळलं, कशाला."

दुआर्त उद्या फिलिपाच्या बाजूने चालणार होता. मुलगी दमली की मनोरा उतरवून घ्यायला प्रत्येकीबरोबर एक मुलगा असतो. बेनेदिता त्याला वेगळ्या कारणाने ओळखत होती. मागच्या वर्षीपर्यंत तो रोज संध्याकाळी लुझियाला सायकलवरून घरी सोडायचा आणि कोपऱ्यावरच उतरवायचा, आल्झिराला दिसू नये म्हणून. आल्झिराला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

"संध्याकाळच्या घंटेपर्यंत मनोरा सापडला नाही, तर मी चौकीत त्याचं नाव देणार," आन्सेल्मो म्हणाला. "सप्टेंबरात नौदलात जायचंय ना त्याला? जाऊ दे म्हणावं चोरीचा शिक्का घेऊन."

बेनेदिताने काडीचा एक तुकडा उचलला. टोकाला दोऱ्याचे वळ उमटले होते, पण कापल्याची खूण नव्हती. गाठी कुणीतरी नखांनी, सावकाश सोडवल्या होत्या.

"काका, हे तुकडे मनोऱ्याला का बांधले होते?"

आन्सेल्मोचा आवाज खाली आला. "तुला आईनं सांगितलं नाही?"

"काय?"

"तो मनोरा फिलिपासाठी केलेला नव्हता, पोरी. तो लुझियाचा. फिलिपा एक वीत उंच, म्हणून खालून वाढवला."

३

बेनेदिता दालनाबाहेरच्या पायरीवर बसली. लुझियाने मागच्या उन्हाळ्यापासूनच फुलं करायला घेतली होती. फोनवर बोलताना मागे कागदाची कुरकुर ऐकू यायची. "ताई, तू बोल, माझे हात चालू आहेत, कान रिकामे आहेत." लाल कागदाची अफूची फुलं. आणि नोव्हेंबरात दोन दिवसांचा ताप.

"आल्झिराने स्वतः आणून दिला," आन्सेल्मो शेजारी बसत म्हणाला. सपातांकडे त्याचं आता लक्ष गेलं, त्याने पाय आत ओढले. "इस्टरनंतर आली. म्हणाली, पोटमाळ्यावर पडून काय करायचंय, फिलिपाला होऊ दे. तुकडेही तिनेच बांधले, निळी माळही तिनेच केली, जोड दिसू नये म्हणून. सगळी गल्ली म्हणाली, काय काळीज आहे बाईचं!"

तर मग आईवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू कोण चोरतं?

फिलिपा शाळेच्या मागच्या नळावर सापडली. चेहरा धुऊन झाला तरी पाणी मारतच होती.

"मला नकोच होता तो," विचारायच्या आतच ती म्हणाली. "बाबांना सांगितलं मी, मला साधा करा, कमी शोभिवंत दिसला तरी चालेल. तर म्हणाले, आल्झिराबाईंचा अपमान होईल. काल रंगीत तालमीला डोक्यावर घेतला ना, तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, या माझ्यासाठी नाहीतच."

"मग तू लपवलास?"

"मी?" फिलिपाने ओल्या हाताने नाक पुसलं. "भरलेला मनोरा मला एकटीला जागचा हलवता येत नाही, बेनेदिताताई. दुआर्त आणि बाबा दोघं लागतात."

बेनेदिताला एकदम पाव आठवले. पाव उतरवल्यावर राहतं काय? टोपली, काड्या, कागद आणि मुकुट. तेवढं एक अशक्त माणूसही उचलून नेईल. माज म्हणून नव्हे, झेपावं म्हणून पाव काढले होते. आणि गरिबांच्या वाट्याचे म्हणून धुतलेल्या कपड्यावर ठेवले होते.

४

वरच्या गल्लीच्या ओदेतबाईंनी दारातूनच तोफ डागली. दर उत्सवात दोन्ही गल्ल्यांची सजावटीवरून जुंपायची, आणि ओदेतबाई त्यातल्या सेनापती.

"आली का झडती घ्यायला? ये, ये. पलंगाखालीही बघ. तुमच्या गल्लीत चोरण्यासारखं काय असतं गं? मागच्या वेळची तुमची ती फुलं! मला आधी वाटलं, कुणी कोबी वाळत घातलाय."

"मावशी, मी भांडायला नाही आले."

"मग बस. खीर घे. लिस्बनात काही खाता की नाही? काडी झालीस नुसती." त्यांनी दालचिनी भुरभुरवलेली भाताची खीर पुढे सरकवली, आणि समोर बसून गप्प झाल्या. ओदेतबाई गप्प झाल्या म्हणजे काहीतरी होतं.

"काय झालं?"

"मला वेडी म्हणशील."

"नाही म्हणणार."

"पहाटे चादर टांगायला खिडकी उघडली. उजाडत होतं. खालून एक मुलगी मनोरा घेऊन चालली होती. बाजूला मुलगा नाही, कुणी नाही. डोक्यावरून शाल, वर मनोरा. पाव नव्हते त्यात, नुसतीच लाल फुलं. मला वाटलं, सराव करतेय कुणीतरी. पण चाल..." ओदेतबाईंनी छातीवर क्रूस काढला. "मागून, अगदी मागून, ती तुझी बहीण होती गं. तेवढीच उंची. तशीच मान. मी खिडकी लावून घेतली."

बेनेदिताच्या हातातला चमचा बशीवर टेकला.

"आणि पायांत?" तिने विचारलं.

"काय?"

"पायांत काय होतं?"

"काळे जाड बूट," ओदेतबाई आठवत म्हणाल्या, आणि मग त्यांचंच तोंड उघडं राहिलं. "सोळा वर्षांची पोर कशाला घालेल तसले?"

५

दुआर्त नदीकाठच्या भिंतीवर बसला होता. बेनेदिता दिसताच उठून उभा राहिला.

"मी नेला," तो म्हणाला. "काकांना सांगा, मीच नेला आणि नदीत टाकला. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बघवत नव्हता. झालं? संपवा आता."

"पाव?"

"पावही टाकले."

"कुठे?"

"नदीतच. सगळे."

"दुआर्त, पाव दालनात आहेत. पांढऱ्या कपड्यावर."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हे लुझियाही सांगायची.

"तू कुणाला तरी पाहिलंस," बेनेदिता म्हणाली. "पहाटे. आणि आता त्या माणसासाठी नौदल, नाव, सगळं द्यायला निघालास."

"ताई, विचारू नका ना."

"नाही विचारत. मी बोलते, तू फक्त ऐक. चोराने पाव नेले नाहीत, म्हणजे त्याला मिरवणुकीत जायचं नव्हतं. गाठी कापल्या नाहीत, सोडल्या, म्हणजे त्याला काही मोडायचं नव्हतं. निळी माळ आणि ते तुकडे, म्हणजे फिलिपासाठी जे जे जोडलं होतं, तेवढंच मागे ठेवलं. लुझियाचं तेवढं नेलं. त्याला मनोरा परत पहिल्या उंचीचा हवा होता." कामावर शेकडो वेळा अशी साखळी जोडली होती बेनेदिताने. शेवटची कडी कधी इतकी जड लागली नव्हती. "मनोरा ज्याने डोक्यावर घ्यायचा, त्याच्या उंचीचा असतो. मागच्या उन्हाळ्यात लुझियाने मला फोटो पाठवला होता. आईच्या पाठीला पाठ लावून उभी. 'बघ, गाठलं तिला,' म्हणत होती. लुझियाच्या उंचीचं आता गल्लीत एकच माणूस उरलंय. आणि आज सकाळी त्या माणसाला मान वळवता येत नव्हती."

दुआर्त भिंतीवर बसला आणि तोंड दोन्ही हातांत झाकून रडायला लागला.

"मी लांबून चाललो त्यांच्या मागे," तो बोटांच्या फटीतून म्हणाला. "पडल्या असत्या तर. लुझियाच्या बाजूने मीच चालणार होतो ना."

६

घराच्या मागे जुन्या भट्टीची खोली होती. भट्टी कधीच थंड झालेली. लुझिया तिथे टोपलीत विटा घालून सराव करायची.

बेनेदिताने दार ढकललं.

आल्झिरा खोलीच्या मधोमध उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मनोरा. पितळी मुकुट तुळईला जेमतेम टेकत नव्हता. दोन्ही हातांनी तिने टोपलीची कड धरली होती.

"उतरवून घे गं," ती वळून न बघता म्हणाली. "कट्ट्यावरून घेतला डोक्यावर. पहाटे कसाबसा उतरवला, आता मान आखडलीय, एकटीला उतरवता येत नाही."

बेनेदिता पुढे गेली. दोघींनी मिळून मनोरा कट्ट्यावर ठेवला. लाल कागदाची काही फुलं वाकडी दुमडलेली होती. घाईत केलेली, फोनवर बोलता बोलता केलेली.

"मी काय ठरवलं होतं सांगू?" आल्झिरा कट्ट्याला टेकून बसली. "कुणी उठायच्या आत परत नेणार होते. तुकडे बांधले असते, माळ घातली असती, पाव ओवले असते, कुणाला कळलंही नसतं. पण घरी आणल्यावर हात धजेना. आणि तेवढ्यात आन्सेल्मो सपाता घालून दारात."

"आई, तूच तर दिला होतास."

"दिला. देताना वाटलं, कागद तर आहे. आणि काल ती पोर त्याच्याखाली उभी राहिली, लोक टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या, बेनेदिता. मनापासून वाजवल्या. घरी आले, आडवी झाले, आणि मला माझे हात दिसायला लागले, टाळ्या वाजवणारे." तिने ते हात मांडीवर उलटे ठेवले. "तो मनोरा एकदाही चालला नव्हता. तिच्या उंचीने एकदाही नाही. उद्या चालला असता, पण एक वीत वर. मग तो कायमचा फिलिपाचा झाला असता. म्हटलं, त्याआधी एकदा. चौकापर्यंत. ती जिथून जाणार होती तिथून."

"गेलीस?"

"गेले. चौकात कुणी नव्हतं. कबुतरं होती. सगळ्या मुली घंटा झाल्यावर एकदम उचलतात ना? घंटा नव्हती. मी आपलं मनात एक दोन तीन म्हटलं." ती हसायला गेली आणि ते हसू मध्येच मोडलं. "जड नव्हता गं. पाव नव्हते ना. तिला जड झाला असता का, तेही कळलं नाही मला."

बेनेदिता तिच्याजवळ जमिनीवर बसली. लिस्बनात ती चोरांना विचारायची, का केलंत? त्या प्रश्नाला एरवी उत्तर असायचं आणि मग प्रकरण बंद व्हायचं. इथे उत्तर मिळालं होतं आणि काहीच बंद झालं नव्हतं.

"मी सांगेन काकांना, दालनाबाहेर सापडला म्हणून," ती म्हणाली. "कुणी जास्त विचारणार नाही."

"आणि त्या पोराचं?"

"त्याच्यावरही काही येणार नाही."

"कुजबुज राहील. नाव जाईल त्याचं." आल्झिरा उठली. डोक्यावरची चुंबळ काढून तिने नीट उलगडली. लुझियाचा टॉवेल होता तो. "चल. माझं मी सांगते."

७

दालनात गल्लीतली निम्मी माणसं जमली होती. आल्झिरा पुढे, मनोऱ्याचं एक टोक बेनेदिताच्या हातात, दुसरं दुआर्तच्या. ईरिया गव्हाची एक गळालेली ओंबी घेऊन मागे.

"मी नेला होता," आल्झिरा म्हणाली. बास. कारण सांगितलं नाही, माफीही मागितली नाही.

आन्सेल्मो दुआर्तकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाकरून म्हणाला, "काल तुला बसू दिलं ते बरंच केलं मी."

फिलिपा रडत पुढे आली. "मावशी, मी नाही उचलणार. हा असाच राहू दे. मी नाही जाणार."

"उचलशील. मुकाट्याने उचलशील," आल्झिरा म्हणाली. "आणि नाक ओढू नकोस, चुंबळ हलते. मान सरळ ठेवायची. पायांकडे बघायचं नाही, समोरच्या मुलीच्या मुकुटाकडे बघायचं. चौकात चढ आहे तिथे श्वास सोडायचा. कळलं? काल तू तिथे श्वास धरून ठेवलास, मी बघत होते."

तिने जमिनीवर बैठक मारली. काडीचा पहिला तुकडा उचलला, जोडाला लावला आणि दोरा गुंडाळायला घेतला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण कुणाला धाडस झालं नाही. बेनेदिता एकेक तुकडा हातात देत राहिली. एका गाठीला आल्झिराचं बोट थांबलं, थोडा वेळ तसंच राहिलं, मग तिने गाठ आवळली. मनोरा वर जात होता. शेवटी निळी माळ आली आणि जोड दिसेनासा झाला.

"उभी राहा जवळ," आल्झिरा म्हणाली.

फिलिपा मनोऱ्याशेजारी उभी राहिली. मुकुटाचं टोक बरोबर तिच्या डोक्याला आलं. बायका पाव ओवायला बसल्या. बाहेर कुणीतरी ढोल वाजवून बघत होतं, दोन ठोके, थांबून पुन्हा दोन.

ईरियाने आईचा हात ओढला. "लुझियामावशीचा कुठपर्यंत होता?"

बेनेदिताने मुकुटाच्या टोकापासून एक वीत खाली मोजून दाखवली. "इथपर्यंत."

ईरिया मनोऱ्याला पाठ लावून चवड्यांवर उंच झाली. मनोऱ्याच्या निम्म्याच्या जेमतेम वर पोचली. मग मागे सरकून तिने त्या जागेकडे मान वर करून पाहिलं, आणि बराच विचार केला.

"पुढच्या उत्सवाला मी वाढलेली असेन ना?"

"हो."

"त्याच्या पुढच्याला अजून?"

"अजून."

"आणि मावशी तेवढीच?"

बेनेदिताने होकारार्थी मान हलवली.

"मग मी तिच्यापेक्षा मोठी झाले की," ईरियाने विचारलं, "मी तिला काय म्हणायचं, आई?"